स्थळप्रत कोण काढणार?

पत्र पाठवलं. त्यात आपण नेमकं काय लिहिलं होतं, हे सहा महिन्यांनी कसं कळणार? आणि पत्र आलं, तर सहा महिन्यांनी ते सापडणार कुठे? ऑफिसातल्या कामाचा गेल्या अडीचशे वर्षांचा इतिहास बराचसा या दोन प्रश्नांभोवती फिरतो. उंच इमारती, साहेबाची केबिन, घड्याळ, पांढरी कॉलर हे सगळं आहेच. पण त्या सगळ्याच्या मुळाशी स्थळप्रत आहे, म्हणजे पाठवलेल्या पत्राची आपल्याकडे राहिलेली नक्कल. ती काढायची रीत बदलली की ती काढणारा माणूस बदलला, त्याचा पगार बदलला आणि त्याला बढती मिळणार की नाही हेही बदललं.

शब्दांतही हे दिसतं. ‘फाइल’ हा शब्द लॅटिनमधल्या ‘फिलुम’ म्हणजे दोऱ्यापासून आला, कारण कागद आधी दोऱ्यात किंवा तारेत ओवून ठेवत. ‘ब्युरो’ म्हणजे मुळात टेबलावर अंथरायचं जाडंभरडं लोकरी कापड. मग ते टेबल, मग ती खोली आणि शेवटी ते खातंच ब्युरो झालं. आपला ‘दफ्तर’ फारसीतून आला आणि त्याचं मूळ ग्रीकमधल्या कातड्याच्या शब्दात आहे. ‘ऑफिस’ मात्र लॅटिनमधल्या कर्तव्याच्या शब्दावरून आलं. ती आधी जबाबदारी होती, जागा नंतर झाली. फ्लॉरेन्समध्ये १५६० साली व्हासारीनं कोझिमो मेदिचीसाठी जी इमारत बांधायला घेतली, तिचं नाव ‘उफ्फिझी’ म्हणजे नुसतं ‘ऑफिसं’. आज तिथे लोक चित्रं बघायला जातात.

घडी, शेरा, कप्पा

टाइपरायटरच्या आधीच्या ऑफिसात काय चाले? पिसाची लेखणी, नंतर पोलादी निब, आणि ओळीनं बसलेले कारकून. लंडनमधल्या ईस्ट इंडिया हाउसमध्ये चार्ल्स लँब या निबंधकारानं १७९२ ते १८२५ अशी तेहतीस वर्षं कारकुनी केली; तत्त्वज्ञ जॉन स्टुअर्ट मिल यानंही पस्तीस वर्षं तिथेच काढली. कंपनीचा सगळा कारभार समुद्रापार, जहाजांनी येणाऱ्या पत्रांवर चालणारा. मागच्या खेपेला आपण काय कळवलं होतं हे ठाऊक नसेल तर आलेल्या उत्तराचा अर्थच लागायचा नाही. म्हणून प्रत्येक पत्राची नक्कल हातानं वहीत उतरवायची.

आलेल्या पत्राची रीत अशी: पत्राच्या उभ्या घड्या घालायच्या, म्हणजे लांब, अरुंद पट्टी तयार होते. तिच्या बाहेरच्या अंगावर तारीख, पाठवणाऱ्याचं नाव आणि एका ओळीत विषय असा शेरा लिहायचा. मग अशा पट्ट्या फितीनं बांधून कप्प्यात सरकवायच्या. कबुतरखान्यासारखे दिसणारे ते चौकोनी कप्पे घडी घातलेल्या पत्राच्या मापाचे असत. पत्र हवं असेल तर गठ्ठा सोडायचा, शेरे वाचत जायचं, सापडलं की घडी उलगडायची आणि काम झालं की पुन्हा सगळं बांधायचं. दिवसाला दहा पत्रं येणाऱ्या पेढीला हे पुरतं. शंभर येऊ लागली की कारकुनाचा दिवस घड्या उलगडण्यातच जातो.

या कामाला वेळ लागे, पण त्यातून माणूस शिके. मालकाचं प्रत्येक पत्र स्वतःच्या हातानं उतरवणाऱ्या पोराला भाव, ग्राहक, उधारी, भांडणं सगळं पाठ होऊन जाई. नक्कल करणं हीच उमेदवारी होती आणि त्या पोराला आज ना उद्या मुनीम किंवा भागीदार होण्याची आशा बाळगता येई. ही आशा पुढे कुठे तुटली ते लक्षात ठेवण्यासारखं आहे. १८५४ सालच्या नॉर्थकोट-ट्रेव्हेलियन अहवालानं ब्रिटिश सरकारी नोकरीसाठी स्पर्धा परीक्षा सुचवली, ती आपल्याला ठाऊक असते. त्याच अहवालानं डोक्याचं काम आणि यांत्रिक काम वेगवेगळ्या माणसांना द्यावं असंही सांगितलं, त्याचा उल्लेख कमी होतो. नक्कल करणारा हात आणि मसुदा लिहिणारं डोकं यांच्या मधली रेघ यंत्राच्या आधी कागदावर मारली गेली.

ओल्या कागदाची वही

नकलेचं पहिलं मोठं यंत्र वाफेच्या इंजिनामुळे प्रसिद्ध असलेल्या जेम्स वॉटचं. त्याचं पेटंट १७८० चं. तत्त्व साधं: शाई पूर्ण वाळायच्या आत पत्रावर पातळ, ओलसर कागद दाबला की थोडी शाई त्यात उतरते. उतरते ती उलटी, आरशातल्यासारखी. पण कागद इतका पातळ की पलीकडच्या बाजूनं सुलटं वाचता येतं.

एकोणिसाव्या शतकात याचीच बांधीव वही निघाली, कित्येक शे पातळ पानांची. काम असं चाले. वहीतलं पुढचं कोरं पान उघडायचं. त्याच्या आड तेलकट कागद घालायचा, म्हणजे ओल मागच्या पानांत जात नाही. पान ब्रशनं किंवा ओल्या फडक्यानं भिजवायचं आणि जास्तीचं पाणी टिपकागदानं टिपून घ्यायचं. लिहिलेली बाजू पानाच्या मागच्या अंगाला चिकटेल असं पत्र ठेवायचं, वर दुसरा तेलकट कागद, वही बंद, आणि वही लोखंडी दाबयंत्रात घालून वरचा स्क्रू आवळायचा. थोड्या वेळानं पत्र बाहेर काढून वाळवायचं.

चुकण्याच्या जागा भरपूर. पाणी जास्त झालं तर नक्कल पसरते आणि मूळ पत्रही बरबटतं, म्हणजे पुन्हा लिहा. कमी झालं तर नक्कल पुसट. शाईही साधी चालत नसे. साखर किंवा डिंक घातलेली, सावकाश वाळणारी लागे. पत्र लिहून फार वेळ गेला की नक्कल उठतच नसे. पण हे सगळं एक पोरगा करू शकत होता, त्याला वाचता आलं नाही तरी फारसं बिघडत नव्हतं, आणि नकलेत शब्द गाळला जाण्याची भीती संपली होती. कोर्टात दाखवायला ही मोठीच सोय.

खरी अडचण दुसरीकडे होती. वहीत नकला तारखेच्या क्रमानं बसत. एका ग्राहकाशी झालेला व्यवहार पाहायचा तर वहीच्या सुरुवातीच्या सूचीतून त्याच्या नावापुढचे पानांचे आकडे काढायचे, दहा ठिकाणी पानं उलटायची, शिवाय त्याची आलेली पत्रं कप्प्यातून शोधायची. पाठवलेलं एकीकडे, आलेलं दुसरीकडे. पहिला प्रश्न सुटला, दुसरा आणखी बिकट झाला.

टाइपरायटर, कार्बन आणि बायका

रेमिंग्टन कंपनीनं शोल्स आणि ग्लिडन यांचा टाइपरायटर १८७४ मध्ये बाजारात आणला. किंमत १२५ डॉलर, अक्षरं फक्त मोठी, आणि खिळे कागदाच्या खालच्या बाजूनं आपटत असल्यामुळे आपण काय टाइप करतोय ते काही ओळी पुढे गेल्याशिवाय दिसत नसे. छोटी-मोठी दोन्ही अक्षरं १८७८ च्या दुसऱ्या मॉडेलमध्ये आली, आणि टाइप होत असतानाच ओळ दिसणारी यंत्रं १८९० च्या दशकात रुळली.

टाइपरायटरनं वेग दिला हे खरंच. पण माझ्या मते त्याचं मोठं काम म्हणजे त्यानं कार्बन कागदाला जीवदान दिलं. कार्बनसारख्या कागदाचं पेटंट राल्फ वेजवूडनं १८०६ मध्येच घेतलं होतं. पिसाच्या लेखणीनं मात्र खालच्या कागदावर ठसा उमटण्याइतका दाब देता येत नसे. टाइपरायटरचा खिळा जोरात आपटतो, तिथे कार्बन चालला. वरचा जाड कागद, मध्ये काळी बाजू खाली करून कार्बन, खाली पातळ कागद, पुन्हा कार्बन, असा थर एकदम रुळात घालायचा. पाच-सहा प्रती बऱ्या निघत. त्याच्या पुढची प्रत धुक्यातून पाहिल्यासारखी. कार्बन उलटा घातला तर नक्कल मूळ पत्राच्याच पाठीवर उलटी उमटे. आणि एक अक्षर चुकलं की प्रत्येक कार्बनच्या मागे कागदाची चिठ्ठी सरकवून एकेका प्रतीवर वेगळं खोडायचं. पाच नकला म्हणजे सहा ठिकाणी रबर. टायपिस्टच्या अचूकपणाला किंमत होती ती या रबरामुळे.

हे यंत्र चालवायला कोण बसलं? अमेरिकेच्या जनगणनेत १८७० साली लघुलेखक आणि टायपिस्ट मिळून जेमतेम दीडशे माणसं होती आणि त्यांत बायका पाच टक्क्यांहूनही कमी. १८८० मध्ये त्या सुमारे ४० टक्के झाल्या, १९०० मध्ये सुमारे ७७, आणि १९३० पर्यंत ९५ च्या वर. साठ वर्षांत एखादा पेशा असा पालटल्याची उदाहरणं थोडीच.

बायकांची बोटं नाजूक असतात, त्या पियानो वाजवतात, ही तेव्हाची कारणमीमांसा सोडून द्यावी. ती नेमणुकीनंतर शोधलेली कारणं आहेत. खरी कारणं रोकडी होती. मुली शाळेत शिकून बाहेर पडत होत्या आणि त्यांना शिक्षिकेखेरीज फारशा नोकऱ्या नव्हत्या. यंत्र नवीन असल्यामुळे ‘हे पुरुषांचं काम’ असा दावा त्यावर कुणी केलेला नव्हता. न्यूयॉर्कमधल्या वायडब्ल्यूसीए या तरुण स्त्रियांच्या ख्रिस्ती संस्थेनं १८८१ मध्येच मुलींसाठी टाइपिंगचे वर्ग काढले. आणि त्या स्वस्त होत्या. हा धडा अमेरिकेच्या वित्त खात्यानं यादवी युद्धाच्या काळात गिरवला होता: नोटांचे मोठे ताव कात्रीनं कापायला १८६२ पासून बायका नेमल्या. पुरुष कारकुनाला वर्षाला १२०० ते १८०० डॉलर मिळत असताना बायकांचा पगार कायद्यानं ६०० ठरला.

आता मघाची उमेदवारी आठवा. नक्कल करणारा पोरगा शिकत शिकत वर चढे. टायपिस्ट दिवसभर साहेबाचीच पत्रं टाइप करत होती, धंद्यातलं सगळं वाचत होती. पण तिच्या खुर्चीतून वर जाणारा जिना काढून घेतलेला होता. अनेक ठिकाणी तर तिला लग्न होताच नोकरी सोडावी लागे. ब्रिटनच्या सरकारी सेवेत हा नियम १९४६ पर्यंत होता, तिथल्या परराष्ट्र सेवेत १९७३ पर्यंत. ऑस्ट्रेलियाच्या केंद्रीय सेवेत १९६६ पर्यंत. याचा हिशेबही सरळ आहे. माणसं दर चार-सहा वर्षांनी बदलत राहिली की पगारवाढ आणि निवृत्तिवेतन दोन्ही वाचतं.

उभा कागद

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर ग्रंथालयातून आलं. मेल्विल ड्यूई यानं काढलेली लायब्ररी ब्युरो ही कंपनी पुस्तकांच्या सूचीची कार्डं आणि त्यांचे खण विकत असे. कार्डं उभी राहतात, तर पत्रं का नाही? १८९३ च्या शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात या कंपनीनं उभ्या फायलींचं कपाट मांडलं आणि त्याला सुवर्णपदक मिळालं. कल्पना इतकी साधी की तिचं मोठेपण चटकन कळत नाही. पत्राची घडी घालायची नाही. दुमडलेल्या जाड कागदाच्या फोल्डरमध्ये ते काठावर उभं ठेवायचं. फोल्डरच्या वरच्या कडेला जीभ, तिच्यावर नाव. आलेलं पत्र आणि पाठवलेल्या पत्राची कार्बन प्रत एकाच फोल्डरमध्ये, सगळ्यात नवं सर्वांत पुढे. कार्बन प्रत सुटी असल्यामुळेच हे जमलं. दाबवहीतलं पान फाडून इथे लावता आलं नसतं. म्हणजे टाइपरायटर, कार्बन आणि उभं कपाट या तिघांनी मिळून जुनं ऑफिस मोडलं. एकट्याला ते जमलं नसतं.

फायलिंगचे बारकावे शिकवायला वर्ग निघाले, पुस्तकं निघाली. त्यातले काही नियम आजही उपयोगी पडतील:

- ‘कार्यवाही झाली’ अशा अर्थाची लघुस्वाक्षरी नसलेलं पत्र फाइलला लावायचं नाही. नाही तर उत्तर न दिलेलं पत्र कपाटात गाडलं जातं.
- एखाद्याची पाच पत्रं जमेपर्यंत त्याला स्वतंत्र फोल्डर द्यायचा नाही. तोवर त्या अक्षराच्या ‘किरकोळ’ फोल्डरमध्ये. पण पाच झाली की लगेच द्यायचा, नाही तर ‘किरकोळ’च सगळ्यात जाड होतो.
- फोल्डर बाहेर गेला की त्याच्या जागी ‘बाहेर’ असं कार्ड उभं करायचं; त्यावर कोणी, कधी नेला ते.
- खणात तीन-चार इंच जागा मोकळी ठेवायची. ठासून भरलेल्या खणात कागद फोल्डरमध्ये न जाता दोन फोल्डरांच्या मध्ये घसरतो, आणि तिथे तो पुन्हा कुणाला दिसत नाही.

चुकीच्या जागी लागलेला कागद हा फाडलेल्या कागदासारखाच. चूक बहुधा आळसाची नसे, नावाची असे: पत्र माणसाच्या नावानं लावायचं की त्याच्या कंपनीच्या? आडनावाचं स्पेलिंग कोणतं? म्हणून एका जागी पत्र आणि दुसऱ्या जागी ‘अमुक फोल्डर पाहा’ असा परस्परसंदर्भाचा ताव. हे ठरवायला डोकं लागतं, आणि ते ज्या मुलींना लागत होतं त्यांची गणना ऑफिसातल्या सगळ्यात खालच्या पायरीवर होत असे.

या कपाटानं साहेबाचं टेबलही बदललं. १८७४ मध्ये वूटन नावाच्या अमेरिकी कारागिरानं पेटंट घेतलेलं टेबल प्रसिद्ध आहे: दोन भले मोठे दरवाजे, आत शंभरावर कप्पे, आणि सगळ्याला एक कुलूप. मालकाचं सगळं ऑफिस त्या एका फर्निचरमध्ये. फायली कपाटात गेल्यावर असे कप्पे धोक्याचे ठरले, कारण टेबलात अडकलेला कागद इतर कुणाला सापडत नाही. पुढच्या टेबलांचा वरचा भाग सपाट, उघडा झाला. त्यात आणखी एक सोय होती: पर्यवेक्षकाला एका नजरेत सगळ्यांचे हात दिसत.

सेकंदाचे तुकडे

कारखान्यात कामगाराच्या प्रत्येक हालचालीचा वेळ मोजायला फ्रेडरिक टेलरनं जे घड्याळ आणलं ते विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात ऑफिसात शिरलं. टाइपरायटरला ठोके मोजणारे मापक लागले, टायपिस्टांचा एकत्र विभाग झाला. याचं टोक पाहायचं तर १९६० साली अमेरिकेत छापलेले कारकुनी कामाचे वेळमापनाचे तक्ते पाहावेत. फाइलचा खण उघडून बंद करणं: ०.०४ मिनिट. खुर्चीतून उठणं: ०.०३३ मिनिट, बसणंही तेवढंच. फिरत्या खुर्चीत वळणं: ०.००९ मिनिट, म्हणजे अर्ध्या सेकंदाच्या आसपास. योग्य फोल्डर कोणता हे ठरवायला लागणारा वेळ असा मोजता येत नाही, आणि जे मोजता येत नाही ते काम नव्हेच असं अशा तक्त्यांच्या नादानं वाटू लागतं.

जागेची रचनाही कागदाच्या वाटेवर बेतली गेली. फ्लोरोसंट नळी १९३८ मध्ये विक्रीला आली, वातानुकूलन स्वस्त झालं आणि खिडकीपासून लांब माणसं बसवणं शक्य झालं. जर्मनीत १९५० च्या दशकाच्या अखेरीला श्नेले बंधूंनी कोणाचा कागद कोणाकडे जातो याचे नकाशे काढून त्याप्रमाणे टेबलं मांडली. दिसायला विस्कळीत, पण हिशेबानं मांडलेली. अमेरिकेत रॉबर्ट प्रॉप्स्टची हलवता येणारी अर्धभिंतींची मांडणी १९६८ ची. त्याच्या भिंती १२० अंशांत उघडत, माणसाला ऐसपैस वाटावं म्हणून. ९० अंशांत लावल्या तर त्याच जागेत जास्त माणसं मावतात हे खरेदी करणाऱ्यांच्या लवकरच लक्षात आलं. क्युबिकल झालं ते असं.

नक्कल फुकट झाल्यावर

शंभर प्रती हव्या तर सायक्लोस्टाइल होतंच: मेणकागदाचं स्टेन्सिल कापायचं, शाईचा रूळ फिरवायचा. पण आलेल्या पत्राच्या दोनच प्रती हव्या असतील तर बहुधा पुन्हा टाइप करावं लागे. चेस्टर कार्लसन एका कंपनीच्या पेटंट विभागात होता आणि तिथे कागदपत्रांच्या प्रती कायम कमी पडत. २२ ऑक्टोबर १९३८ रोजी त्यानं स्थिर विद्युतभार आणि भुकटी वापरून पहिली कोरडी नक्कल काढली. त्यावर उभं राहिलेलं झेरॉक्स ९१४ हे यंत्र १९५९ मध्ये आलं. मिनिटाला सात प्रती, साध्या कागदावर. भाडं महिन्याला ९५ डॉलर, त्यात दोन हजार प्रती. कागद कधी कधी आत पेट घेई, म्हणून सोबत आग विझवायचं एक नळकांडं येई. कंपनीनं त्याला दिलेलं नाव ‘करपणं-निवारक’ अशा अर्थाचं होतं.

यामुळे जुना धाक गेला. कार्बनच्या काळात प्रत कोणाला द्यायची हे पत्र टाइप होण्याआधी ठरवावं लागे, आणि पाच-सहा जणांपलीकडे जाता येत नसे. आता नंतर कधीही, कितीही. कपाटं त्यामुळे जी फुगली ती पुन्हा उतरली नाहीत.

१९६४ मध्ये आयबीएमच्या चुंबकीय फितीच्या टाइपरायटरनं रबर संपवलं. चूक फितीवर सुधारायची आणि यंत्र पत्र पुन्हा स्वतःच टाइप करणार. १९८१ च्या झेरॉक्स स्टार संगणकाच्या पडद्यावर कागद, जीभ असलेले फोल्डर, फायलींचा खण आणि आवक-जावक टोपल्या चित्ररूपानं आल्या. १८९३ चं कपाट काचेमागे उभं राहिलं. साहेब स्वतः टाइप करू लागला, टायपिस्टची खुर्ची गेली, आणि फाइल नीट लावायचं काम वाटलं गेलं सगळ्यांत, म्हणजे कुणाकडेच नाही. ‘अंतिम’, ‘अंतिम २’, ‘अंतिम खरी’ अशा नावांच्या फायली तिथून सुरू होतात. लघुस्वाक्षरी तपासणारी, ‘बाहेर’चं कार्ड उभं करणारी मुलगी असती तर तिनं त्या लावूनच घेतल्या नसत्या.

ई-मेलमधलं ‘सीसी’ म्हणजे कार्बन प्रतच. ‘बीसीसी’ची, म्हणजे इतरांना न कळवता दिलेल्या प्रतीची, जुनी कृती मात्र फार थोड्यांना माहीत असेल. पत्र टाइप झालं की टायपिस्ट थर रुळातून काढी, मूळ पत्र आणि उघड प्रती बाजूला ठेवी, उरलेल्या प्रती पुन्हा रुळात घाली आणि फक्त त्यांच्यावर गुप्तपणे प्रत मिळणाऱ्याचं नाव टाइप करी. ई-मेलच्या शीर्षकांचे नियम १९७७ मध्ये लिहिले गेले तेव्हा ही युक्ती जशीच्या तशी उचलली गेली. फरक एकच: कार्बन प्रत मिळालेला माणूस गप्प बसे, कारण उत्तर द्यायचं तर त्याला नवं पत्र लिहावं लागे. बीसीसीत असलेला माणूस घाईत ‘सर्वांना उत्तर’ दाबतो आणि आपण तिथे होतो हे सगळ्यांना स्वतःच कळवतो.